आप्पांना पसंत पडेल असं गाव

यवतमाळला बदली झाली हे कळल्यावर आमच्या इचलकरंजीत जो तो मला भेटायला आला, सुस्कारा टाकून गेला. "यवतमाळ? अगं बाई!" एवढंच म्हणायचं आणि चहा प्यायचा. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलेलं होतं आणि पेपरात या जिल्ह्याचं नाव यायचं ते वाईट बातमीतच. आमच्या गल्लीची अशी समजूत झाली होती की तिकडे झाडसुद्धा हिरवं नसणार. मी उतरले आणि पाहते तर गावाच्या भोवती सागवानाचे डोंगर! हे मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून इकडे न आलेल्या मंडळींसाठी हे लिहायला बसले आहे. फक्त एक आधीच सांगते, मी काही देवळं आणि धबधबे बघत फिरले नाही. मी राहायला गाव शोधत फिरले.

माझी नोकरी पाणी तपासायची. सरकारी प्रयोगशाळेत बाटल्या येतात, मी त्यांतलं पाणी तपासते आणि कागदावर सही करते. वय बेचाळीस, लग्न केलेलं नाही, जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. आई श्रावणात गेली आणि आप्पा माझ्याकडे आले.

आप्पा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म सूतगिरणीत ब्लोरूमला काढला. ब्लोरूम म्हणजे गिरणीचं पहिलं खातं. कापसाच्या गाठी येतात त्या तिथे फोडायच्या, मोकळ्या करायच्या, कुठल्या गाठीत कुठली मिसळायची ते ठरवायचं. आप्पा चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचे आणि तारेची, म्हणजे कापसाच्या तंतूची, लांबी सांगायचे. यंत्राने मोजली तरी तीच निघायची, अशी त्यांची ख्याती. चाळीत राहिलेला माणूस, दाराला कडी लावायची सवय नाही.

यवतमाळात मला मिळालेलं घर तिसऱ्या मजल्यावर. आप्पांचे गुडघे कामातून गेलेले. एकदा वर चढले की चढले. समोर कॉलनी, सगळी दारं बंद. सकाळी मी कुलूप न लावता जायची, म्हणजे निदान कोंडल्यासारखं वाटू नये, पण कुलूप नसल्याने काय फरक पडणार होता? आप्पांनी बोलणंच सोडलं. रुसवा नव्हता, भांडण नव्हतं. विचारलं की तीन उत्तरं यायची, "व्हय", "न्हाई" आणि "बगू".

पुण्याहून माझा भाऊ विलास येऊन गेला. त्याने आप्पांकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "संक्रांतीपर्यंत नीट घर बघ. नाहीतर मी त्यांना घेऊन जातो." त्याचं घर अकराव्या मजल्यावर, नवरा-बायको दोघंही कामाला. लिफ्ट आहे म्हणे. मी त्याच्या तोंडावर सांगितलं, "तुझ्याकडे ते टीव्हीसमोर बसतील आणि संपतील." तो म्हणाला, "आणि तुझ्याकडे काय करतात?" मला त्यांना सोडायचं नव्हतं, बस्स.

तेव्हा ठरवलं की जवळचं एखादं छोटं गाव बघायचं. माझ्या अटी साध्या. एसटीने पाऊण तासात ऑफिस गाठता यावं, घर तळमजल्यावर असावं, पाणी बरं असावं आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की आप्पांशी बोलायला माणूस असावा. ऑफिसातले शिपाई गजाननभाऊ हे ऐकून खुलले. ते मूळचे मारेगावचे.

"मॅडम, मारेगावले चाला ना. लय चांगलं गाव हाये."

"रोज ये-जा करायला किती वेळ लागेल?"

"तीन तास लागन."

"जायला?"

"जायले तीन. याले बी तीन. पन गाव पाहा ना तुमी!"

स्वतःच्या गावाबद्दल असं बोलणारी माणसं मला आवडतात. मारेगाव मात्र तिथेच राहिलं.

बाभुळगाव, डिसेंबरातला रविवार

सकाळच्या गाडीने निघालो. घाट उतरला की काळी जमीन सुरू होते आणि मग दोन्ही बाजूंना पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, हा शब्द मी इथेच शिकले. मधून मधून तुरीचे पिवळे पट्टे. आप्पा खिडकीला नाक लावून बसले होते. अडतीस वर्षं ज्याने कापसात काढली त्या माणसाने कापसाचं झाड उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"आप्पा, ते बघा, कापूस."

"व्हय," आप्पा म्हणाले. पण मान वळवली नाही, तिकडेच बघत राहिले.

उतरल्या उतरल्या तर्री-पोहे खाल्ले. आमच्याकडे पोहे म्हणजे कोरडे, वर खोबरं आणि लिंबू, घरात पाहुणा आल्यावर करायचा सोज्वळ प्रकार. इथे त्यावर लालभडक तर्री ओततात, हरभरे घालतात आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की आणखी हवी का विचारतात. आप्पांनी दोनदा घेतली. कोल्हापूरकडचा माणूस तिखटाला कुठे हरतो!

घर चांगलं निघालं. मालक एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक, बोलायला मऊ. अंगणात लिंब, दोन खोल्या, तळमजला. मी तर मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले. आप्पा अंगणात उभे राहिले, घराकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं.

"आप्पा, कसं वाटतंय?"

"बगू."

परतताना फजिती झाली. गावाबाहेर कापूस खरेदी केंद्र होतं आणि तिथे बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग लागली होती, रस्त्याच्या इकडून पार तिकडपर्यंत. आमची गाडी मधोमध अडकली. जाताना चाळीस मिनिटांत आलो होतो, आता दीड तास एका जागी उभे. मी कंडक्टरवर तडकले, "रोज असंच असतं का हो?"

तो शांतपणे पैसे मोजत होता. "कापसाचा सीझन हाये मॅडम. होळीपर्यंत असंच चालते. लयच घाई असन त पायी निंघा."

माझ्या पाऊण तासाच्या अटीची तिथल्या तिथे वाट लागली. मी कपाळाला हात लावून बसले आणि पाहते तर आप्पा शेजारी नाहीत. ते खाली उतरले होते. एका बैलगाडीपाशी उभे राहून त्यांनी चिमूटभर कापूस काढला, दोन अंगठ्यांत धरला, ओढला, पुन्हा धरला, पुन्हा ओढला.

गाडीवाला वरून ओरडला, "काय पाहून राह्यले काकाजी?"

"तार बगतोय."

"बरी हाये का?"

"लई झकास हाय."

"मंग तेवढं त्या आत बसलेल्या साहेबाले सांगा ना बाप्पा!"

सगळी रांग हसली. आप्पाही हसले. श्रावणापासून पहिल्यांदाच. मी खिडकीतून बघत होते आणि गाडी सुटू नये असं मला वाटायला लागलं.

कळंब

पुढच्या रविवारी कळंबला गेलो. तिथला गणपती जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आप्पा गुडघे धरून उतरले, गुडघे धरून चढले आणि वर आले तर चप्पल गायब. नवी घेतली ती चावायला लागली. आलुबोंडा मात्र सुरेख होता, असा की दुसऱ्या प्लेटपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

घर दाखवायला मालक स्वतः आले. त्यांना घर दाखवण्यापेक्षा आमची चौकशी करण्यात जास्त रस होता.

"साहेब कुठं असतात?"

"साहेब नाहीत."

"म्हणजे बाहेरगावी?"

"म्हणजे नाहीतच. लग्न केलं नाही."

त्यांनी आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं, आडनावावरून काही कळत नाही हो. तुम्ही कोण, म्हणजे आपलं, कोणत्या..."

मला तिडीक आली. "मी पाणी तपासणारी. तुमचंही तपासून देते, बाटली आहे माझ्याजवळ." असं म्हणून आप्पांचा हात धरला आणि निघाले. रस्त्यावर आल्यावर मला वाटलं, गेलं एक घर, तेही माझ्या तोंडापायी. आप्पा चावणारी चप्पल हातात घेऊन शेजारून चालत होते.

थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी आई बोल्ली असती तसंच बोल्लीस."

ते आईबद्दल बोलले नव्हते, गेल्यापासून एकदाही नाही. बस येईपर्यंत आम्ही उसाचा रस प्यायलो.

नेर

संक्रांत आठ दिवसांवर आली. विलासचा फोन दर दोन दिवसांनी. अशात गजाननभाऊंनी नेरच्या यशोधराबाईंचा पत्ता आणला. निवृत्त शिक्षिका, नवरा वारलेला, मुलगा नागपुरात, स्वतःची चार एकर शेती स्वतः करवून घेतात आणि पुढची खोली भाड्याने देणार आहेत. "पन कडक हाये," गजाननभाऊ म्हणाले. "मले बी शिकवेल हाये त्यायनं. अजून समोर बिडी नाही पेत मी."

नेर अमरावतीच्या रस्त्यावर. बस पाऊण तासाच्या आत पोचली आणि वाटेत कुठे अडली नाही, त्याचंच मला अर्धं समाधान. घर शोधावं लागलं नाही. ज्याला विचारलं तो म्हणे, "बाईचं घर? चाला." आणि सोबत यायचा. दारापर्यंत पोचलो तेव्हा आमच्याबरोबर चार माणसं होती.

घराला पुढे लांब छपरी होती, आपल्याकडे सोपा म्हणतात तशी, पण तीन बाजूंनी उघडी. तिथे दोन बाकं आणि बाकांवर माणसं. कुणाला अर्ज लिहून हवा होता, कुणी नुसतंच आलं होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. येणारा "जय भीम बाई" किंवा "रामराम बाई" म्हणून बसायचा आणि बाई दोघांनाही तेवढ्याच जोरात उत्तर द्यायच्या. बाई साठी उलटलेल्या, ठेंगण्या, चष्म्याला दोरी बांधलेली.

"या. बसा. आंधी पानी प्या, मंग बोलू."

मी पाणी प्यायले. तपासायची गरज वाटली नाही, इतकं गोड.

"मी एकटीच आहे, आणि हे माझे वडील," मी स्वतःहून सांगून टाकलं. एकदा फटका खाल्ला होता ना.

"एकटी कायची? दोघं त आहा," बाई म्हणाल्या आणि आम्हाला खोली दाखवायला उठल्या.

पुढची खोली चुन्याने नुकती रंगवलेली, रिकामी, स्वच्छ. रस्त्याकडे खिडकी, छपरीत उघडणारं दार. माझं मन तिथे बसलं ते बसलं. आप्पा बाहेर बाकावर बसतील, कुणीतरी विचारेल कोन्या गावचे, आणि मी पाऊण तासात ऑफिसात. मला दुसरं काय हवं होतं?

जेवायला बसवलंच. भरीत आणि ज्वारीची भाकर. आमच्याकडे वांगं भाजून त्यात दाण्याचं कूट घालतात. इथे वांगं, कांद्याची पात आणि हिरवी मिरची, आणि मिरची किती, ते विचारू नये. वर उकडलेल्या तुरीच्या शेंगा. आप्पा शेंगा सोलत होते. मी हळूच विचारलं, "आप्पा?"

"बगू."

इथेही 'बगू' असेल तर मग संपलंच.

तेवढ्यात बाई बोलता बोलता म्हणाल्या, "दोन्ही खोल्याइत कापूसच होता. भाव येऊन नाही राह्यला त ठेवून देला. तुमी येनार म्हून गड्याइले सांगून मागच्या खोलीत दाबून भरला सारा."

आप्पांच्या हातातली शेंग थांबली. "दाबून म्हंजे?"

"पायानं तुडवून. नाहीत मावते काय!"

"बगू का जरा?"

त्यांचं हे 'बगू' वेगळं होतं. बाईंनी मागचं दार उघडलं. आत आढ्यापर्यंत कापूस, माणसाला शिरायला जागा नाही. पांढरी भिंतच. मला ते बघून मजा वाटली. आप्पांनी मात्र बघितलं नाही, आधी वास घेतला. मग बाही सारली आणि खांद्यापर्यंत हात गंजीत खुपसला. तसेच उभे राहिले, डोळे मिटून.

"बाई, कवा येचला ह्यो?"

"झाले पंधरा-वीस दिवस."

"पहाटंचा? दव असताना?"

बाई जरा चपापल्या. "वेचाले बाया भेटत नाही ना काकाजी. भेटल्या त सकाळीच लावल्या."

"आतनं तापलाय. उपसायचा. आत्ताच्या आत्ता."

"काई होत नाही जी. दरसाल ठेवतो आमी."

"दरसाल मोकळा ठेवत असशीला. ह्यो दवानं वला, वर तुडवलाय. घाला हात. आजून आत. आजून."

बाईंनी हात घातला. कोपरापर्यंत काही नाही, खांद्यापर्यंत गेला आणि झटकन बाहेर काढला. "अवं माय!" एवढंच म्हणाल्या. मग छपरीत गेल्या आणि तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या त्या आवाजात त्यांनी गल्लीला हाक मारली.

पाच मिनिटांत पंधरा माणसं. चादरी आल्या, ताडपत्र्या आल्या, जुनी लुगडी आली, खाटा उलट्या करून झाल्या. आणि आप्पा? दारात उभे राहिले आणि सुरू झाले. मी माझ्या कानांनी ऐकत होते तरी मला खरं वाटेना.

"ती बिडी टाका आधी! टाका म्हंतो न्हवं! लोखंड आपटायचं न्हाई कुटं. वरचा थर हिकडं, मधला तिकडं, मिसळायचा न्हाई. पातळ, पातळ पसरा. ओ दादा, पाय काय देताय त्यावर, देवावर पाय देताय व्हय?"

बिडीवाला आजोबा आप्पांच्याच वयाचा. त्याने बिडी विझवली आणि बाजूच्याला म्हणाला, "कोन्या गावचा हाये हा बुढा? लय तिखट हाये ना बे."

गंजीचा मधला भाग निघाला तेव्हा सगळे हात लावून बघायला पुढे आले. कापूस पिवळट झाला होता आणि हाताला गरम लागत होता. आप्पांनी तो मुठीत धरला, नाकाला लावला. "आजून चार दिवस गेलं असतं तर सगळाच गेला असता," ते म्हणाले. "आन् ठिणगी पडती तर घर बी." ब्लोरूमचा माणूस कशाला भीत नाही, ठिणगीला भितो, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. आमच्या घरात उदबत्तीसुद्धा आई दाराबाहेर लावायची.

दुपारभर अंगण, छपरी, शेजारचं अंगण, समोरच्या घराची गच्ची, सगळं पांढरं. मी पदर खोचून टोपल्या वाहिल्या. अंगभर खाज सुटली होती. मध्येच कुणीतरी सगळ्यांना चहा दिला, कुणाच्या घरचा ते कळलं नाही.

ऊन उतरायला लागलं आणि आप्पा म्हणाले, "दव पडायच्या आत आत घ्या. पर मोकळा भरा. कंबरंच्या वर न्हाई."

बाईंनी मागच्या खोलीकडे पाहिलं, मग अंगणाकडे. सगळ्यांच्याच एकदम लक्षात आलं. कमरेपर्यंत मोकळा भरायचा तर मागची खोली पुरणार नव्हती. पुढचीही लागणार होती. चुन्याने रंगवलेली, खिडकीवाली, माझी.

बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "उद्या इकून टाकतो मी सारा. भाव गेला उडत. खोली देतो म्हटलं त देतो."

सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात आलं, विकू दे की! आठ दिवसांवर संक्रांत होती. त्यांचा कापूस आज ना उद्या जायचाच होता, माझे आप्पा पुण्याला गेले की गेले. मी आप्पांकडे पाहिलं. म्हटलं, आता फक्त गप्प बसा.

"अजिबात इकायचा न्हाई," आप्पा म्हणाले. "ह्या तारंला ह्यो भाव? पडेल भावात द्यायला काय नासलाय व्हय? पिवळा बाजूला काढलाय. बाकीचा सोन्यासारखा हाय. ठिवा."

"अन् तुमाले खोली?"

"आमचं बगू."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माझं उत्तर हवं होतं. मी टोपली उचलली आणि पुढच्या खोलीत पहिला कापूस मीच टाकला. टाकला असं म्हणते, आदळलाच, आतून असा राग आला होता, आप्पांचा, कापसाचा, दवाचा, सगळ्यांचाच. खिडकीच्या कट्ट्यापर्यंत खोली माझ्या हातांनी भरली.

निघायची वेळ झाली तर आप्पा बाकावर पाय पसरून बसलेले. "तू जा. उद्या हात घालून बगाय पायजे परत. आत ऊब धरली तर पुन्ना उपसावा लागंल. ह्यास्नी कळायचं न्हाई."

"आणि औषधं?"

"उद्या आन."

मी एकटीच बसमध्ये बसले. खिडकीशी, आप्पांच्या जागेवर. आणि मला रडू कोसळलं, चांगलं हुंदके देऊन. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं माय?" काय सांगणार? म्हटलं, "खाज सुटली." तिने माझ्या केसांतून कापसाचा पुंजका काढला. "कापसाची असन. घरी गेल्यावर खोबरेल लावजा," ती म्हणाली.

त्यानंतरचे चार दिवस

सोमवारी ऑफिस सुटल्यावर औषधं आणि दोन कपडे घेऊन नेर गाठलं. आप्पा दोन बाकांच्या मध्ये उभे राहून बिडीवाल्या आजोबांना तार कशी बघायची ते शिकवत होते. आजोबा म्हणत होते, "हे त आमी जन्मभर पिकवलं, पन असं वढून कधी पाह्यलंच नाही ना बाप्पा." आणि आप्पा म्हणत होते, "मी जन्मभर वढला, पर झाड न्हाई बघितलं. उद्या दावा की शेत." रात्री परतायला उशीर झाला असता म्हणून मी बाईंच्या शेजारी स्वयंपाकघरात झोपले. आप्पा छपरीत, ताडपत्रीचा आडोसा करून. मंगळवारी सकाळी तिथूनच ऑफिसला गेले, संध्याकाळी तिथेच परतले. बुधवारीही तसंच.

बाईंनी मला आमच्याबद्दल एकदाही काही विचारलं नाही. फक्त बुधवारी माझ्या डब्यात भाकरी बांधताना म्हणाल्या, "काकाजी रात्री दोनदा उठते. कापसात हात घालून पाहाते अन् झोपते. माह्या पोरानं कधी पाह्यलं नाही असं." आणि चष्मा पुसायला लागल्या.

हे इथेच सांगून टाकते, बाईंना हवा होता तो भाव त्या वर्षी काही आला नाही. त्या सीझनला आम्ही तिघंही सकाळी पेपर उघडला की आधी कापसाचा भाव बघायचो, तो वाढला तर मला खोली मिळणार होती म्हणून मीसुद्धा. होळीच्या सुमारास बाईंनी कापूस विकायला काढला. भाव जेमतेमच मिळाला, पण माल पिवळा आहे म्हणून नाक मुरडायची कुणाची प्राज्ञा झाली नाही, कारण काकाजी गाडीवर बसून सोबत गेले होते.

पण ते पुढचं. गुरुवारी सकाळी मी निघायच्या घाईत आणि विलासचा फोन आला. आप्पांशी बोलायचं म्हणाला. मी फोन त्यांच्या कानाला लावला. विलासचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आप्पा, रविवारचं तिकीट काढलंय. मी शनिवारी येतो न्यायला."

पुढची खोली कापसाने भरलेली, माझ्याकडे घर म्हणून दाखवायला काही नाही, आणि विलासने दिलेली मुदत संपत आलेली. मी काय तोंडाने बोलणार होते?

"आयतवारी?" आप्पा म्हणाले. "आयतवारी कसं जमंल रं? गंजी उलटायची हाय."

"कसली गंजी? कुणाची?"

"कुणाची म्हंजे? आपली."

बाई चुलीपाशी होत्या, त्यांचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

आप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाही सारत पुढच्या खोलीकडे निघाले. मी मागून विचारलं, "आप्पा, मग गाव पसंत आहे का?"

"साडेआठची गाडी चुकंल तुझी," आप्पा म्हणाले. "पळ. आन् येताना खोबरेल आन, मोठी बाटली."